बाबांच्या जुन्या रिव्हर्बचा टँकच काढून घेतला, बडोदेकरांनो सांभाळा

हे लिहायला दोन महिने लागले कारण लिहायला बसलं की नुसता संताप यायचा. माझे बाबा ८० च्या दशकात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर हवाईयन गिटार वाजवायचे. त्यांच्याकडे फेंडर कंपनीचं जुनं रिव्हर्ब युनिट, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमारा देणारं यंत्र होतं, ६जी१५, हे मॉडेल १९६१ ला आलं आणि साठच्या दशकातच बंद झालं, बाबांनी ते मुंबईच्या एका वादकाकडून सेकंडहँड घेतलेलं. लाकडी पेटी, ड्वेल, मिक्सर, टोन असे तीन नॉब, आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे तीन व्हॉल्व्ह आणि एक लांबट पत्र्याचा डबा, त्यात स्प्रिंगा ताणून बसवलेल्या, त्यालाच टँक म्हणतात. एका टोकाची कॉइल आवाजाने स्प्रिंग हलवते, दुसऱ्या टोकाची कॉइल ती थरथर पकडते, बस एवढंच. पण बाबांची मींड त्यातून आली की घर भरून जायचं.

गेल्या वर्षी रिव्हर्ब यायचा बंद झाला, साधा आवाज नीट येत होता. ओळखीच्याने शहरातला एक मेकॅनिक सुचवला. त्याने पेटी उघडली, टँक बघितला आणि म्हणाला स्प्रिंगा थकल्यात, मॅग्नेट उतरलंय, नवीन टँक बाहेरून मागवावा लागेल. चार हजार अॅडव्हान्स दिला, बिल मागितलं तर "थई जशे भाई, टेन्शन नै लेवानु" (होऊन जाईल, टेन्शन घेऊ नको). आठ दिवस सांगितलेले, अडीच महिने लागले, वर अजून साडेनऊ हजार घेतले. दुकानात वाजवून दाखवलं, एको येत होता, व्हॉल्व्ह पेटलेले, मी खूश होऊन घरी आलो.

घरी आल्यावर ड्वेल फिरवला तर काहीच फरक नाही. ड्वेल म्हणजे टँकला किती जोरात ढकलायचं ते, म्हणजे तो फिरवून आवाज बदलायलाच हवा. मग चुकून पेटीला गुडघा लागला आणि मला एकदम धस्स झालं, कारण काहीच आवाज आला नाही. खरा स्प्रिंग रिव्हर्ब चालू असताना पेटीला धक्का लागला की स्पीकरमधून ढग गडगडल्यासारखा धडाम आवाज येतो, लहानपणी त्याबद्दल मी बाबांचा ओरडा खाल्लाय.

मागचं फळकूट उघडलं. आमचा टँक जवळजवळ ४३ सेंटिमीटर लांब होता, त्या जागी त्याच्या निम्म्याएवढा एक स्वस्तातला टँक होता आणि त्याच्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या!! बाजूला डबल टेपने चिकटवलेलं कराओके मशीनमधे असतं तसलं एको बोर्ड, मोबाईलचा चार्जर फोडून त्याला सप्लाय दिलेला. व्हॉल्व्ह नुसते दिव्यासारखे जळत होते, सिग्नल त्यांच्यातून जातच नव्हता.

याहून वाईट पुढे आहे. दुरुस्तीला द्यायच्या आधी मी मोबाईलवर एक व्हिडिओ काढला होता, त्यात पेटी हलवल्यावर धडाम आवाज स्पष्ट ऐकू येतो. अहमदाबादला साउंडचं काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने तो ऐकला आणि म्हणाला, अरे धडाम येतोय म्हणजे स्प्रिंगा आणि आउटपुटची कॉइल दोन्ही धडधाकट आहेत, बिघाड फक्त ढकलणाऱ्या बाजूला. एखादा व्हॉल्व्ह गेला असेल किंवा इनपुट कॉइलची केसासारखी बारीक वायर सॉकेटपाशी तुटली असेल, तसं असेल तर नुसता सोल्डरचा एक डाग द्यायचं काम.

म्हणून सांगतो, देण्याआधी स्वतः मल्टिमीटर लावा. टँकच्या दोन्ही प्लग काढायच्या आणि टँकच्याच सॉकेटवर मोजायचं. या टँकला इनपुटला साधारण एक ओहम आणि आउटपुटला दोनशेच्या आसपास दिसतं, रीडिंगच आलं नाही तर तिथे तार तुटलीय. टँकवरचा नंबर आणि व्हॉल्व्हचे फोटो काढा, जुना पार्ट परत पाहिजे हे लिहून घ्या. चेसिसमधे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सर्किट असलेल्या पत्र्याच्या सांगाड्यात मात्र हात घालू नका, भिंतीतला प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधे दोन-तीनशे व्होल्ट राहू शकतात. आणि हे मशीन अमेरिकन ११७ व्होल्टचं, व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय कोणी आपल्या २३० वर लावत असेल तर तिथूनच उचलून परत आणा.

मी परत गेलो तर म्हणतो जुना टँक भंगारात गेला. १९१५ या नंबरवर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी बिल विचारलं, माझ्याकडे फक्त यूपीआयच्या दोन एंट्र्या.

भंगारात गेला यावर माझा विश्वास नाही, असे टँक विकले जातात. आमच्या टँकवर इनपुटच्या बाजूला बाबांनी आईच्या नेलपॉलिशने लाल ठिपका लावला होता, उलटा जोडला जाऊ नये म्हणून, आणि एक कोपरा थोडा चेपलेला आहे. बडोदा, अहमदाबाद, सुरत कुठेही असा लाल ठिपक्याचा टँक कोणी विकायला आणला तर सोडू नका, घेऊन ठेवा आणि मला कळवा, तो म्हणेल ती किंमत मी देईन.