एम्पाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ.: हृदय दुखावलेल्या मधुमेहींची गोळी, सोलापूरच्या उन्हात

मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं. ६० रुपयांच्या आसपास पडणारी गोळी आता जेनेरिकमध्ये त्याच्या लहानशा हिश्श्यात सोलापुरातल्या मेडिकलमध्ये मिळते. मधुमेहासोबत हृदयविकार असेल किंवा हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेण्यासारखी ही गोळी आहे. निव्वळ साखर उतरवायला घेणाऱ्याची मात्र निराशा होईल, कारण एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तिनं बेताचीच उतरते.

तिचं खरं काम सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टात दिसतं. मूत्रपिंडातून साखर आणि मीठ बाहेर पडतं, पाणीही जातं, आणि तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रिपोर्टातला पीसीव्ही, साधारण २ ते ४ अंकांनी वाढतो. आधी वाटायचं की रक्त नुसतं आटतंय. पण तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन वाढतं, लोह अडवून धरणारं हेप्सिडिन उतरतं आणि अस्थिमज्जा खरोखरच नव्या पेशी बनवते, हे पुढे दिसलं. २०१५ च्या एम्पा-रेग आउटकम चाचणीत ७,०२० रुग्ण होते आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. नंतरच्या विश्लेषणात या फायद्याचा जवळपास निम्मा भाग पीसीव्हीच्या वाढीशी जोडलेला आढळला. हा आकडेवारीतला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी हृदयाच्या दुखावलेल्या स्नायूला जास्त प्राणवायू मिळतो, हे पटण्यासारखं आहे.

अटॅक नुकताच आला असेल तर अपेक्षा आवरा. २०२४ च्या एम्पॅक्ट-एमआय चाचणीत ६,५२२ रुग्णांवर पाहिलं, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडल्यानं, दवाखान्यात भरती होणं मात्र कमी झालं. मधुमेहात तांबड्या पेशी ताठरतात आणि बारीक केशवाहिन्यांतून वळून जाताना अडतात. तो ताठरपणा घालवण्यासाठी ही गोळी नाही. पेशी लवचीक करणारी म्हणून ओळखली जाणारी पेंटॉक्सिफायलिन ४०० वेगळी, आणि तीही चालताना पोटऱ्या दुखतात त्यासाठी देतात. काउंटरवर दोन्हींची गल्लत करू नका.

घेताना पाकिटावरचं घटकाचं नाव वाचा. १० आणि २५ अशा दोन ताकदी येतात, शिवाय मेटफॉर्मिन किंवा लिनाग्लिप्टिनसोबतच्या जोडगोळ्याही. नावं इतकी सारखी असतात की चूक सहज होते. हृदयासाठी १० पुरते. २५ नं हृदयाचा फायदा वाढल्याचं दिसलेलं नाही. बॅच नंबर आणि मुदत बिलाशी जुळवा. मे महिन्यात इथला पारा ४२ च्या वर जातो, म्हणून पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

आता पाण्याचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर घाम गाळणाऱ्याला, किंवा सोबत लॅसिक्स (लघवी वाढवणारी गोळी) घेणाऱ्याला, पहिल्या पंधरवड्यात उभं राहताना चक्कर येऊ शकते. रक्तदाब बघून लॅसिक्सचा डोस डॉक्टर कमी करतात. स्वतः करू नका. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली जाऊ शकते, तेही विचारून घ्या. हार्ट फेल्युअरमध्ये पाण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते, तेव्हा “भरपूर पाणी प्या” हा सल्ला डोळे मिटून पाळू नका. लघवीतून साखर जात असल्यानं गुप्तांगाला बुरशी लागते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून धुणं टाळू नका, एक तांब्या पुरतो.

सर्वांत गंभीर धोका कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा. साखर २५० च्या खाली असूनही तो होतो, म्हणून ग्लुकोमीटर बघून निर्धास्त राहता येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास यांपैकी काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा. लघवीची साखरेची पट्टी इथे उपयोगाची नाही, ती कायम पॉझिटिव्हच येते. आषाढी एकादशीचा कडक उपवास, जुलाब-उलट्यांचे दिवस, किंवा भाकरी पूर्ण बंद करण्याचा कुणीतरी दिलेला सल्ला, या तिन्ही वेळी आधी डॉक्टरांना विचारा; उपवासात आणि आजारपणात ही गोळी बहुधा थांबवतात. ठरलेल्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद करायची असते. टाइप १ मधुमेहींनी ती घेऊ नये.

सीबीसी गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि ३ महिन्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये करा. रक्त काढताना पट्टा दंडावर मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तर पीसीव्ही खोटा वाढलेला येतो, त्यामुळे पट्टा लवकर सोडायला तिथेच सांगा. पहिल्या आठवड्यातली वाढ बहुतेक पाणी गेल्यानं झालेली, तिसऱ्या महिन्यापर्यंत हळूहळू चढून स्थिरावणारी वाढ पेशींची. पुरुषात ४९ आणि स्त्रीत ४८ च्या वर आकडा गेला, किंवा टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक) औषध म्हणून चालू असेल, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. नव्या पेशी वाढल्यावर एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसू शकते, म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासत राहा.