ट्रान्सपोर्ट लायसनचं मेडिकल (फॉर्म १ए), पंचवटीतल्या दवाखान्याचा अनुभव

ज्यांचं हेवीचं, म्हणजे ट्रक-बसचं ट्रान्सपोर्ट लायसन रिन्यूला आलंय त्यांनी वाचा, विशेषतः नाशिकवाल्यांनी. माझा आयशर ट्रक आहे, पिंपळगावहून टोमॅटो नाहीतर कांदा भरायचा आणि रात्रीतून वाशी मार्केट गाठायचं. लायसनची तारीख जवळ आली म्हणून पंचवटीत एका एमबीबीएस मॅडमकडे मेडिकल करून घेतलं, पेठ रोडच्या आरटीओपासून लांब नाही. ५ पैकी ५ स्टार, आणि ते का ते सांगतो.

आधी सिस्टीम समजून घ्या कारण तिथेच अर्धी माणसं अडकतात. पूर्वी कागदावर शिक्का मारून आणला की काम व्हायचं, आता आपल्याकडे डॉक्टरची सारथी पोर्टलवर (लायसनच्या कामाची सरकारी वेबसाइट) नोंदणी लागते आणि तो स्वतःच्या लॉगिनमधून तुमचा फॉर्म १ए भरून सबमिट करतो, तो थेट आरटीओच्या रेकॉर्डला जातो. म्हणजे आधी रिन्यूचा अर्ज भरायचा, अ‍ॅप्लिकेशन नंबर घ्यायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. उलटं केलं तर डॉक्टर भरणार कशात? आणि हातात कितीही चांगला कागद असू दे, सिस्टीममध्ये चढला नसेल तर तुमचं मेडिकल झालेलं नाही असंच धरा.

आता तपासणी. अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या, मग मॅडमनी दारात उभं केलं आणि रस्त्यापलीकडे लांब उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावली, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. फॉर्ममध्येच आहे ते, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून नंबर प्लेट ओळखता आली पाहिजे. नंतर ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं, लाल-हिरवा ओळखता येतो का बघायला. मागे उभं राहून हळू आवाजात बोलून कान तपासले, मुठी आवळायला लावल्या, कोपर, गुडघे, खाली बसून उठा. रातांधळेपणाचा कॉलम आला तेव्हा नुसतं नाही म्हणून टिक नाही केली, विचारलं की भाऊ, समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत गाडी गेली की नंतर रस्ता दिसायला किती वेळ लागतो? कसारा घाट रात्री उतरणाऱ्या माणसाला यापेक्षा कामाचा प्रश्न कोणी विचारू शकत नाही.

त्यांनी बीपी पण मोजला आणि थोडा जास्त निघाला. फॉर्म १ए मध्ये बीपी आणि शुगरचा रकानाच नाहीये हे मला तिथे कळलं! डोळे, कान, हातपाय विचारतात, ब्लड ग्रुप पण ऐच्छिक म्हणून विचारतात, पण रात्र रात्र बसून चालवणाऱ्या, ढाब्यावर कधीही जेवणाऱ्या माणसाचा बीपी कोणी विचारत नाही. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मॅडमनी वेगळी चिठ्ठी दिली, शुगर तपासायला सांगितली आणि परत दाखवायला या म्हणाल्या.

सबमिट करायच्या आधी स्क्रीन माझ्याकडे फिरवून नाव, जन्मतारीख, लायसन नंबर वाचून घ्यायला लावला. दोनशे रुपये घेतले, पावती दिली.

याउलट एका एजंटचा फोन आला होता, म्हणे यायची पण गरज नाही, फोटो आणि आधार व्हॉट्सअ‍ॅप करा, मेडिकल होऊन जाईल. कृपया असलं करू नका. त्या फॉर्मच्या खाली डॉक्टर लिहून देतो की मी या माणसाला स्वतः तपासलंय, त्याची लांबची नजर, ऐकणं, हातपाय नीट बघितलेत. न बघता लिहिलेलं ते सरळ खोटं आहे, आणि उद्या घाटात डोळ्याने दगा दिला तर समोरच्या एसटीत पन्नास माणसं असतात.

तारखांचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन ५ वर्षांसाठी मिळतं, आधी ३ होती, आणि केमिकल, गॅस असला धोकादायक माल नेणाऱ्यांना आधी १ वर्ष होतं ते आता ३. पण लायसन संपल्यानंतरही ते ३० दिवस चालायचं, ती सवलत त्याच दुरुस्तीत गेली, बरेच ड्रायव्हर अजून ती धरून बसलेत. तारीख संपली की त्या दिवसापासून गाडी चालवायची नाही, पकडलं तर ५००० दंड आणि गाडी दिली म्हणून मालकाला वेगळा. संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, मग थांबायचं कशाला. आणि संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते.

एवढंच, की सकाळी दवाखान्यात खूप गर्दी असते आणि मोठी गाडी लावायला जागा अजिबात नाही, गाडी आडगावच्या ट्रक टर्मिनलला लावून रिक्षाने या. चष्मा असेल तर घालूनच जा, चष्म्याने नजर सुधारलीये का एवढंच फॉर्म विचारतो, नुसता चष्मा आहे म्हणून लायसन अडत नाही.