बिल्बाओ की ड्युइसबर्ग: बंद कारखान्यांचं करायचं काय?

उद्योग बुडालेल्या शहरांचा विषय निघाला की हमखास स्पेनच्या बिल्बाओचं नाव पुढे येतं. नेर्व्हिऑन नदीकाठच्या जुन्या बंदर-कारखान्यांच्या जागेवर १९९७ साली वास्तुरचनाकार फ्रँक गेरींनी रचलेलं, टायटॅनियमने मढवलेलं गुगेनहाइम कलासंग्रहालय उघडलं आणि पर्यटकांची रीघ लागली. पण सगळं श्रेय त्या चकचकीत इमारतीला देणं मला पटत नाही. शहराची मेट्रो १९९५ लाच सुरू झाली होती, नदी स्वच्छ करायचं कामही संग्रहालयाच्या आधीचं. नुसती तशी इमारत उचलून आणणाऱ्या इतर शहरांच्या हाती मग पांढरा हत्तीच येतो.

जर्मनीतल्या ड्युइसबर्गने उलटं केलं. १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना पाडलाच नाही, त्याचीच बाग केली. आराखडा उद्यानरचनाकार पीटर लाट्झ यांचा. गॅसच्या टाकीत पाणी भरून तिथे डायव्हिंग शिकवतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात, लोखंड वितळवणाऱ्या गंजक्या झोतभट्टीवर जिन्याने थेट वर जाता येतं. रुळांमधून बर्चची झाडं उगवलीत, तीही तशीच ठेवलीत.

पैसा आणि नाव हवं तर बिल्बाओ. पण जिथे बापाने घाम गाळला ती भट्टी नातवाला दाखवायची असेल, तर माझं मत ड्युइसबर्गला. रोजगार मात्र दोन्हीकडे पूर्वीसारखा नाही; तिकीट फाडणं म्हणजे पोलाद ओतणं नव्हे.