ड्रिपलेस शाफ्ट सील: काही महिने वापरल्यावरचा अनुभव (आणि बसवताना यार्डात काय काय निघालं ते)

सरळ सांगतो, सील चांगलं आहे, बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचायची जागा) कोरडं आहे, पैसे वाया गेले असं वाटत नाही. पण "एकदा बसवा आणि विसरा" असं जे सगळीकडे छापलेलं असतं ना ते डोक्यातून काढून टाका, आणि ज्याचा जुना ग्लँड नीट चाललाय त्याने नुसत्या हौसेखातर हे काम काढू नये असं माझं मत झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) जिथून बोटीबाहेर जातो तिथे जुन्या पद्धतीत ग्लँड पॅकिंग असतं, म्हणजे ग्रीस नाहीतर टेफ्लॉन मुरवलेली चौकोनी दोरी रिंगा करून शाफ्टभोवती भरायची, रिंगांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, वरून नट आवळायचा. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, कारण त्या पाण्यानेच पॅकिंग गार राहतं. ड्रिपलेसमध्ये दोरी नाहीच. स्टर्न ट्यूबवर (शाफ्ट ज्यातून बाहेर जातो ती नळी) रबरी बेलोज, म्हणजे घड्यांची लवचिक नळी, बेलोजच्या तोंडावर कार्बनची जाड चकती, आणि शाफ्टवर घट्ट केलेली स्टेनलेसची रिंग. बेलोज दाबून बसवलेला असल्यामुळे तो कार्बनला सतत रिंगवर रेटत राहतो आणि दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांवर फिरतात, पाणी तिथेच अडतं. बस्स एवढंच.

आता यार्ड. सील हातात घेतलं की वाटतं अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाहीये. सील शाफ्टवर टोकाकडून सरकवावं लागतं म्हणजे आधी शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग निघायला हवं, आणि वर्षानुवर्षं खाऱ्या दमट हवेत बसलेलं कपलिंग सहजासहजी निघत नाही हो. तेल मारून ठेवा, गरम करा, पण हातोड्याने ठोकू नका, तो दणका सरळ गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जातो. आम्ही बोल्ट काढून कपलिंग मागे घेतलं, शाफ्टच्या टोकासमोर शाफ्टपेक्षा लहान व्यासाचा एक सॉकेट ठेवला आणि लांब बोल्ट टाकून सगळे थोडे थोडे, सारखे आवळत गेलो, मग तो सॉकेट शाफ्टला मागे ढकलतो. एकच बोल्ट जास्त ओढला तर फ्लँज (कपलिंगची चकती) वाकतो आणि पुढचं सगळं अलाइनमेंट (शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत असणं) बोंबलतं, म्हणून या कामात घाई अजिबात नको. मोठा आवाज होऊन सुटतं तेव्हा मात्र शेजारच्या बोटीवरचे लोकपण बघायला येतात.

शाफ्ट सुटलाच आहे तर कटलेस बेअरिंग (प्रोपेलरजवळ शाफ्टला आधार देणारं) बघणं आलंच. बाहेरून प्रोपेलर धरून वर-खाली हलवायचा, इंचाच्या शाफ्टला १/१६ इंचाच्या आसपास खेळ दिसला तर बेअरिंग संपलंय समजा. आमचं संपलेलं होतं. आणि मग सुरू झाली खरी गंमत, कारण नेहमीच्या पद्धतीने बेअरिंग बदलायचं तर शाफ्ट पूर्ण मागे ओढावा लागतो आणि मागे रडर (सुकाणू) आडवा. काही बोटींत शाफ्ट रडरच्या बाजूने निघतो, काहींत रडरच खाली उतरवावा लागतो, आणि रडरची दांडी लांब असते, त्यामुळे बोट ठोकळ्यांवर बुटकी बसवलेली असेल तर खाली जमिनीत खड्डा खणायची वेळ येते. म्हणून हे काम काढणार असाल तर बोट पाण्यातून उचलतानाच ट्रॅव्हललिफ्टवाल्याला सांगा की कीलखाली (बोटीच्या तळाच्या कण्याखाली) ठोकळे उंच लावा. एकदा स्टँड लागले, साखळ्या अडकवल्या की परत उचलायला वेगळे पैसे आणि त्यांची सवड मिळेपर्यंत थांबणं. सीलच्या किमतीपेक्षा हे आजूबाजूचं कामच जड गेलं, आणि बजेट करताना हेच कोणी सांगत नाही.

बसवताना तीन गोष्टी मनावर घ्या. एक म्हणजे रिंगचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू), ते एकदा आवळून काढले की परत वापरायचे नाहीत, नवीन टाकायचे, आणि एकेका भोकात एकावर एक दोन असतात, वरचा खालच्याला लॉक करतो. रिंगच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, शाफ्टवर एक जादा कॉलरपण लावून ठेवा, म्हणजे स्क्रू ढिले झाले तरी रिंग पुढे सरकणार नाही. दुसरं, होज क्लिप दोन्ही टोकांना दोन-दोन आणि पूर्ण स्टेनलेसच्या. स्वस्तातल्या क्लिपांचा पट्टा चांगला असतो पण स्क्रू साध्या लोखंडाचा मुलामा दिलेला, चुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर बाजूला टाका. आणि तिसरं म्हणजे अलाइनमेंट. कपलिंगच्या व्यासाला दर इंचामागे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा हिशोब, म्हणजे चार इंची कपलिंगला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ४ थाऊच्या आत (साधारण ०.१ मिमी). पण हे फायनल मोजमाप यार्डात करून उपयोग नाही. बोट स्टँडवर असताना हल (बोटीचा मुख्य सांगाडा) वेगळ्या आकारात असतो, पाण्यात गेल्यावर आणि मास्टच्या तारा ताणल्यावर थोडा बदलतो. यार्डात अंदाजे जुळवा, पाण्यात एखाद दिवस बसू द्या, मग मोजा.

पाण्यात उतरवताना बोट पट्ट्यांवरच लटकलेली असताना खाली जाऊन बेलोज हाताने मागे दाबायचा, आत अडकलेली हवा निघून पाण्याची चिळकांडी उडाली पाहिजे. हवा राहिली तर कार्बन कोरडा घासतो आणि तापतो. आमच्या सीलला व्हेंटची नळीपण आहे, पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन बांधली, तरी मी हाताने दाबतोच. नळी चोंदली असेल तर कळणार कसं?

पहिले काही तास इंजिन चाललं तेव्हा आजूबाजूला काळी पूड आणि बारीक तुषार उडाले, घाबरू नका, तोंडं एकमेकांवर बसत असतात. आमचे तुषार नंतरही फुल थ्रॉटलला येतच होते. कारण साधं निघालं, पुढे जाताना प्रोपेलर शाफ्टला इंजिनकडे ढकलतो, इंजिन मऊ रबरी माउंटवर असल्यामुळे तेही थोडं पुढे जातं, रिंग कार्बनपासून लांब जाते आणि दाब कमी होतो. रिव्हर्सला उलट, तेव्हा ठणठणीत कोरडं. कंपनीच्या कागदात दिलेल्या मर्यादेत राहून दाब किंचित वाढवला (स्क्रू अर्थात नवीन), तेव्हापासून एक थेंब नाही. बिल्जमधला तो कुबट वास गेला, पंप क्वचित चालतो, आणि मुख्य म्हणजे आता बिल्जमध्ये पाणी दिसलं तर ते ग्लँडचं नाही हे माहीत असतं, लगेच दुसरीकडे शोधता येतं.

आता नावडलेलं. जुना ग्लँड बिघडताना आधी सांगतो, थेंब वाढतात, धार लागते, नट थोडा आवळला की घरी पोचता येतं. बेलोज फाटला किंवा रिंग सरकली तर असं काही होत नाही, एकदम बरंच पाणी आत. म्हणून दर वेळी निघायच्या आधी टॉर्च घेऊन बेलोजच्या घड्या बघायच्या, चिरा, तेलाचे डाग, क्लिपांवर गंज, हे आता माझं ठरलेलं काम झालंय. आमच्या बेलोजला कंपनी सहा वर्षांनी बदला म्हणते, आणि बदलायचा म्हणजे परत तेच कपलिंग! यावेळी बसवताना तिथे अँटीसीझ (भाग जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलंय, बघू किती उपयोग होतो.

अजून एक, याबद्दल फार बोललं जात नाही. स्टेनलेसला स्वतःचा गंज रोखणारा थर टिकवायला ऑक्सिजन लागतो, साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही आणि शाफ्टला बारीक खड्डे पडतात. ग्लँडमधून थेंब तरी गळायचे, इथे ट्यूबमधलं पाणी अजूनच निवांत बसतं. त्यामुळे बोट महिनोन्‌महिने नुसती बांधून ठेवणाऱ्यांनी मधूनमधून गिअर टाकून शाफ्ट फिरवत जा.

तर शाफ्ट काहीतरी कारणाने बाहेर येणारच असेल, पॅकिंगने त्यावर खाच पाडली असेल, बेअरिंग गेलं असेल, तर बिनधास्त हे सील टाका. नाहीतर पॅकिंगच्या नवीन रिंगा भरा आणि सीझन काढा. आम्ही इंजिनजवळच्या डब्यात जादा ग्रब स्क्रू, त्यांची ॲलन की, रबरी शीटचा तुकडा, स्वतःलाच चिकटणारी टेप आणि मोठ्या क्लिपा ठेवल्यात. ॲलन की वेगळी विकत घेतली, सीलसोबत येते ती पहिल्याच आवळण्यात गोल होते.