जुनी ट्रान्सक्रिप्ट लपवायला सांगणारा एजंट

अमेरिकेत एम.एस. करणाऱ्या तुमच्या घरातल्या कुणाचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.० च्या खाली गेला असेल आणि "दुसऱ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर करून देतो, जुने मार्क कुणाला कळणारसुद्धा नाहीत" असं कुणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे २ लाख ४४ हजार ४०० रुपये गेले. भावाचं शिक्षण वाचलं, ते त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या एका बाईंनी वेळेवर फोन लावला म्हणून.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. धाकटा भाऊ पुण्यातून बी.ई. करून ऑगस्ट २०२३ मध्ये टेक्सासला कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय होते. दोन बी आले आणि अल्गोरिदममध्ये सी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते म्हणाले, "केटी नाही ना लागली? मग झालं तर." आम्हालाही तसंच वाटलं. तिकडे मात्र बी म्हणजे ३ आणि सी म्हणजे २, म्हणजे सरासरी २.६७; आणि मास्टर्सला ३.० च्या खाली आलात की अकॅडमिक प्रोबेशन लागतं. दुसऱ्या सेमिस्टरला तीन बी आले. एकूण सतरा भागिले सहा, २.८३. एका विषयात ए आला असता तर बरोबर ३.० झालं असतं. मे २०२४ मध्ये डिसमिसलचा, म्हणजे काढून टाकल्याचा, ईमेल आला. अपील करता येईल, अमुक तारखेपर्यंत करा, हेही त्यात होतं. पण पहिल्याच ओळीत डिसमिसल दिसल्यावर पुढचं कोण शांतपणे वाचतो!

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना युनिव्हर्सिटीने काढलं की सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदवही) नोंद टर्मिनेट होते. कोर्स पूर्ण केलेल्यांना जी साठ दिवसांची सवलत असते ती अशा मुलांना मिळत नाही. शिक्षणाचं कर्ज चालू, घर गहाण. अशा वेळी मुलगा रूममेटलासुद्धा काही सांगत नाही. एजंटांचा धंदा याच गप्प बसण्यावर चालतो.

आमच्या एजंटचा नंबर मिळाला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर. पुण्यात डेक्कनच्या बाजूला ऑफिस, बाहेर वेगवेगळ्या देशांच्या झेंड्यांची रांग. बाबांना फोनवर म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, आमचं रोजचं आहे हे. अशी पोरं आम्ही दर सेमिस्टरला काढतो." बोलणं इतकं गोड की बाबांनी त्याला जेवायला यायचं आमंत्रणच दिलं.

त्याची योजना अशी होती. झालेल्या सहा विषयांचे अठराच्या अठरा क्रेडिट नव्या युनिव्हर्सिटीत वळते होतील. अर्जात पहिल्या युनिव्हर्सिटीचा उल्लेखच करायचा नाही, फक्त बी.ई.च्या मार्कशीट लावायच्या. आठवड्यात ॲडमिशन लेटर आणि मग नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद. युनिव्हर्सिटीत कुणाशी काही बोलायचं नाही, "ते तुमच्या विरोधातच असतात". जरा थांबून वाचलं की यातली पहिली दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात. पहिली युनिव्हर्सिटी दाखवायचीच नाही, तर तिथले क्रेडिट कुठून येणार? भावाने हे विचारलं तेव्हा "ते इंटरनल असतं, तुम्हाला नाही कळायचं" असं उत्तर मिळालं.

खरी परिस्थिती काय असते ते भावाला नंतर कळलं. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सहा किंवा नऊच क्रेडिट घेतात, तेही बी किंवा त्याहून वरचा ग्रेड असलेले, आणि घ्यायचे की नाही हे नवी युनिव्हर्सिटी ठरवते. सी सहसा वळता होत नाही. जीपीए नव्या ठिकाणी नव्याने सुरू होतो, एवढं मात्र एजंटचं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच सगळं खोटं उभं होतं. जुनी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडचा उतारा, काही पुसली जात नाही. अर्जात आधी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव मागतात. शिवाय एफ-१ची ट्रान्सफर म्हणजे सेविसमधली तीच नोंद एका शाळेकडून दुसरीकडे जाणं. नव्या युनिव्हर्सिटीला तुम्ही कुठून आलात ते स्क्रीनवर दिसतंच. लपवलेलं उघडं पडलं तर ॲडमिशन रद्द, आणि कमी मार्कांऐवजी खोटेपणाचा डाग कायमचा.

पैसे चार हप्त्यांत गेले. प्रोसेसिंग २५,०००. क्रेडिट इव्हॅल्युएशन ४०,०००. सीट ब्लॉक करायला दीड लाख. आणि सेविस फी ३५० डॉलर, त्याने ८४ चा भाव लावून २९,४००. ही शेवटची रक्कम ऐकून भाऊ म्हणाला, "ताई, ही तर मी व्हिसाच्या वेळी भरली होती." भरलीच होती. ट्रान्सफरला सेविसचा नंबर तोच राहतो, ही फी (तिचंच नाव आय-९०१) पुन्हा भरायची नसते. एजंट म्हणाला, नियम बदललाय. तिकडे शोधून बघायच्या आत बाबांनी पैसे पाठवले होते.

सगळं एका व्यक्तीच्या सेव्हिंग खात्यावर, यूपीआय आणि आयएमपीएसने. परदेशातल्या युनिव्हर्सिटीची फी बँकेतून ए-२ फॉर्म भरून थेट त्यांच्या खात्यावर जाते. आम्ही पहिली फी तशीच भरली होती. "तसं केलं तर वेळ लागतो, आम्ही इकडून तिकडे वळवतो," असं तो म्हणाला. मी पावत्या मागितल्या तेव्हा चारही पावत्यांवर एकच मजकूर: कौन्सेलिंग चार्जेस, नॉन-रिफंडेबल. सीटचा, सेविसचा कुठे उल्लेख नाही. वर जीएसटी नंबर छापलेला, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा. सवयीने अक्षरं मोजली तर चौदा. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो.

तरीही लेटर आल्यावर घरात पेढे वाटले गेले. नाव बरोबर, कोर्स बरोबर, सही, शिक्का, सगळं. भावाने ते मोबाईलवर बघितलं. मी पतसंस्थेतल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडलं तर वरच्या टॅबवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं. पीडीएफच्या आत फाईलचं शीर्षक असतं, ते बदलायला बनवणारा विसरला होता. कुणा आधीच्या पोराच्या लेटरवर आमच्या भावाचं नाव चिकटवलेलं. मी एजंटला स्क्रीनशॉट पाठवला. "सॉफ्टवेअर इश्यू आहे मॅडम." त्याच संध्याकाळी त्याने भावाला घाई केली की आजच्या आज युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर-आउटचा अर्ज टाक आणि रिलीज डेट जितकी लवकरची मिळेल तितकी घे.

आता ही रिलीज डेट काय असते ते नीट समजून घ्या, कारण सगळा धोका इथेच आहे. तुमच्या युनिव्हर्सिटीत डीएसओ म्हणून एक अधिकारी असतात, परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी त्यांच्या हातात. ट्रान्सफर मागितली की ते नवी शाळा आणि एक तारीख सेविसमध्ये टाकतात. त्या तारखेपर्यंत ट्रान्सफर रद्द करता येते, शाळा बदलता येते. तारीख उलटली की नोंद नव्या शाळेच्या ताब्यात जाते आणि जुन्या डीएसओचे हात बांधले जातात. नव्या शाळेत तुमचा अर्जच नसेल, तर तुमची नोंद अशा लोकांकडे जाऊन बसते ज्यांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही. घाई का होती ते आता लक्षात येईल. तारीख उलटल्यावर मुलगा पूर्णपणे एजंटच्या मुठीत, आणखी पैसे मागायला मोकळं रान.

भावाने अर्ज टाकला. डीएसओ बाईंनी साधे दोन कागद मागितले: ॲडमिशन लेटर आणि नव्या शाळेचा ट्रान्सफर-इन फॉर्म, ज्यावर सेविसचा स्कूल कोड असतो. एजंटला कोड विचारला तर म्हणाला, "कोडबिड नको, नुसतं नाव सांग." बाईंना शंका आली. त्यांनी भावाला समोर बसवून तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला फोन लावला. जन्मतारीख, नाव, ईमेल, सगळं देऊन झालं. अशा नावाचा अर्ज नाही, फी नाही, लेटर आमचं नाही. रिलीज डेट पुढच्या आठवड्यातली होती. त्यांनी तिथल्या तिथे ट्रान्सफर रद्द केली.

मग त्यांनी विचारलं, "तू अपील का केलं नाहीस?"

अपीलची मुदत संपायला थोडे दिवस होते. भावाने दोन पानी पत्र लिहिलं: पहिल्या सेमिस्टरला तीन जड विषय एकदम घेतले, सल्ला घेतला नाही, आता कुठले विषय कसे घेणार. एका प्राध्यापकांनी शिफारस दिली. युनिव्हर्सिटीने अटी घालून एक सेमिस्टर दिलं, दोन ए आणि एक बी आला, अठ्ठावीस भागिले नऊ, ३.११. त्याच्याच मजल्यावर राहणारा नाशिकचा एक मुलगा २.७ वर रीतसर ट्रान्सफर होऊन गेला. त्याने जुनी ट्रान्सक्रिप्ट लावली, कमी मार्कांचं कारण लिहिलं, कंडिशनल ॲडमिशन मिळालं आणि सहा क्रेडिट वळते झाले. डीएसओंकडून दोघांनाही हे सगळं फुकट कळलं.

एजंटने मधल्या काळात दुसरा पर्यायही दिला होता, तो सांगायलाच हवा. "हे जमलं नाही तर डे-वन सीपीटीवाली युनिव्हर्सिटी आहे, वर्गात जायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून नोकरी." सीपीटी म्हणजे शिकत असताना कोर्सचा भाग म्हणून करायचं काम; त्यासाठी एरवी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. ज्या मास्टर्स कोर्समध्ये सुरुवातीपासून प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे तिथेच अपवाद आहे. आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, जाते. पण "वर्गात जायची गरज नाही" हे ऐकलं की फोन ठेवून द्यावा.

कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनच्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा तिथली बहुसंख्य मुलं भारतीय होती आणि त्यातल्या काहींच्या पायाला सरकारने रेडिओ पट्टे बांधले. चालवणाऱ्या बाईला २०१४ मध्ये साडेसोळा वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये न्यू जर्सीची युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी आणि २०१९ मध्ये मिशिगनची युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन, या दोन्ही तर अमेरिकन सरकारच्याच तपास यंत्रणेने दलाल पकडायला उघडलेल्या खोट्या युनिव्हर्सिटी निघाल्या. वेबसाईट होती, लोगो होता, शिक्षक एकही नव्हता. फार्मिंग्टनमध्ये आठ दलालांवर खटले झाले, पण नाव घातलेली मुलं शेकड्यांनी होती, बहुतेक आपल्याकडचीच, आणि त्यातल्या कितीतरी जणांना देश सोडावा लागला. "सेविसमध्ये नाव आहे म्हणजे खरी" हा आधार पुरेसा नाही हे यातूनच कळतं. सेविसमध्ये नाव असणं वेगळं आणि ॲक्रेडिटेशन, म्हणजे शिक्षणाच्या दर्जाची मान्यता, वेगळं. ॲक्रेडिटेशन अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत बघायचं.

कॅनडात पंजाबमधल्या एजंटांनी दिलेली खोटी लेटरं मुलं तिकडे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायला गेल्यावर उघडी पडली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून तिथे प्रत्येक लेटरची कॉलेजकडून खात्री केल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. अमेरिकेत ती खात्री आमच्यासाठी एका डीएसओने स्वतःहून केली, एवढंच.

पैशांचं पुढे असं झालं. सुरुवातीला एजंट "प्रोसेस चालू आहे" म्हणत राहिला, मग फोन उचलेना. बाबा आणि मी ऑफिसात जाऊन बसलो. समोर दोन पालक चौकशीला आलेले पाहून त्याने लगेच एक लाखाचा चेक लिहून दिला. तो वटला नाही, खात्यात पैसेच नव्हते. पण या चेकने आमचं काम सोपं केलं. बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यायची, समोरच्याला पंधरा दिवस द्यायचे, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कलम १३८ खाली कोर्टात जायचं. या तारखा चुकल्या तर चेक नुसता कागद उरतो. आम्ही केस टाकली आहे. उरलेल्या रकमेची पोलिसांत वेगळी तक्रार आहे. आमचे पैसे जून २०२४ मध्ये गेले म्हणून ती भादंवि ४२० खाली. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम लागतं. पोलीस ठाण्यात अर्ज लिहिताना हे विचारतात.

ऑनलाइन पैसे गेल्यावर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं तर समोरचं खातं गोठवता येण्याची शक्यता असते. आम्हाला कळेपर्यंत पैसे काढून झाले होते. पावत्या, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. समोरचा "डिलीट फॉर एव्हरीवन" करतो, आमच्या बाबतीत त्याने केलं.

आणि कुणाची रिलीज डेट अजून उलटली नसेल, लेटरबद्दल जरासुद्धा शंका असेल, तर उद्यावर ढकलू नका. उन्हाळ्यात टेक्सासमध्ये सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. जेवायच्या आधी मुलाला फोन करून डीएसओच्या दारात पाठवा, ॲडमिशन लेटर सोबत घेऊन, आणि त्यांना नव्या युनिव्हर्सिटीला फोन लावायला सांगा.