फिल्म की डिजिटल: स्वतंत्र चित्रपटगृहापुढचा निर्णय

फिल्म आणि डिजिटल प्रोजेक्टरची तुलना सहसा चित्राच्या दर्जापासून सुरू होते, पण स्वतंत्र चित्रपटगृहाचा निर्णय मुख्यतः चित्रपट मिळण्यावर ठरतो. फुजीफिल्मने 2013 मध्ये सिनेमाच्या प्रिंटसाठी लागणारी फिल्म बनवणे थांबवले आणि नव्या चित्रपटांच्या 35 मिमी प्रिंट आता क्वचितच निघतात. ज्याला नवे चित्रपट लावायचे आहेत, त्याला डिजिटल घेण्यावाचून पर्याय नाही.

दोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे सहा रिळे. ती आणायची, तपासायची, तुटलेले सांधे जोडायचे आणि प्रत्येक खेळाबरोबर प्रिंटवर ओरखडे वाढताना पाहायचे. याउलट डिजिटल प्रत शंभराव्या खेळालाही पहिल्यासारखीच दिसते आणि ती एका हार्ड डिस्कवर मावते. मात्र ती केडीएम नावाच्या किल्लीशिवाय उघडत नाही. ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच दिलेली असते, त्यामुळे सर्व्हर बदलला किंवा मुदत उलटली, तर प्रेक्षक बसलेले असतानाही खेळ सुरू होत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत माझा कौल जुन्या फिल्म प्रोजेक्टरकडे आहे. त्याचा पट्टा किंवा दातेरी चाक अनुभवी ऑपरेटर स्वतः बदलतो आणि नीट तेलपाणी केलेले यंत्र अनेक दशके चालते. डिजिटल प्रोजेक्टरचे सर्किट बिघडले, तर बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते, आणि काही वर्षांनी उत्पादक त्या मॉडेलचे सुटे भागच पुरवेनासा होतो. म्हणून खरेदीच्या रकमेइतकाच विचार पुढच्या बदलासाठी बाजूला टाकायच्या पैशांचा करावा. लेझर दिव्याचे यंत्र महाग असले, तरी झेनॉन दिवे पुन्हा पुन्हा बदलण्याचा खर्च त्यात वाचतो.

खरा प्रश्न जुनी यंत्रे भंगारात काढायची का, हा आहे, आणि जुने चित्रपट दाखवणाऱ्याने ती काढू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रपट संग्रहालये दुर्मीळ प्रिंट देताना बहुधा दोन प्रोजेक्टरची अट घालतात, कारण एकाच यंत्रावर चित्रपट सलग दाखवायचा तर सगळी रिळे एकत्र जोडावी लागतात आणि त्यासाठी प्रिंट कापावी लागते. दोन यंत्रांवर ऑपरेटर रीळ संपत आल्यावर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर उमटणाऱ्या ठिपक्याकडे लक्ष ठेवून असतो; पहिला ठिपका दिसताच दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करतो आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा दिसताच चित्र तिकडे वळवतो. हे काम येणारा माणूस आज नोकरीवर असेल, तर नव्या यंत्राचा करार करण्यापूर्वी केबिनमध्ये तिन्ही यंत्रे मावतात का, हे मोजून घ्यावे.