‘बघा, फ्लॅश चमकला!’ – टीटीएलच्या नावावर विकली जाणारी एका तारेची वायर

टीटीएल वायर म्हणजे फ्लॅशने किती उजेड टाकायचा हे कॅमेऱ्याला ठरवू देणारी वायर. दुकानदार तिचं एक टोक कॅमेऱ्यावर सरकवतो, दुसऱ्या टोकाला फ्लॅश लावतो आणि बटण दाबतो. लख्ख उजेड. “बघा, चालतंय की!” गिऱ्हाईक पैसे काढतं. फसवणूक इथेच उरकलेली असते. फ्लॅश नुसता चमकायला हॉट शूच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, मधोमध असलेला गोल कॉन्टॅक्ट आणि कडेची धातूची पट्टी एवढंच पुरतं. आतून मधल्या कॉन्टॅक्टची एक तार आणि पट्टीची परतीची जोडणी ओढली की झालं. हीच ‘एका तारेची’ वायर. बाकीच्या पिना बाहेरून चकचकीत दिसतात, पण आत त्यांना काहीही जोडलेलं नसतं.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूने उजेड टाकायचा आणि खिसाही सांभाळायचा, तर वायर हा अजूनही सरळ मार्ग आहे. वायरलेस ट्रिगरसारखे वेगळे सेल नकोत, चॅनल जुळवायला नकोत. कॅननची स्वतःची ओसी-ई३ आणि निकॉनची एससी-२८ काही हजारांत जातात. दुसऱ्या कंपन्यांच्या बऱ्या वायरी त्याहून खूप स्वस्त मिळतात आणि व्यवस्थित चालतात, त्यामुळे स्वस्त म्हणजे खोटी असं नाही. गोम अशी की खऱ्या स्वस्त वायरीचा आणि डमी पिनांच्या वायरीचा डबा, फोटो, वर्णन सगळं सारखंच असतं.

कॅननच्या पारंपरिक शूवर मधला एक आणि भोवती चार असे पाच कॉन्टॅक्ट असतात. निकॉनवर मधला एक आणि तीन. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी फ्लॅशला छोटीशी चमक मारायला लावतो, परत आलेला उजेड मोजतो आणि मग ‘इतकाच उजेड टाक’ असं सांगतो. हे सगळं बोलणं त्या छोट्या पिनांतून चालतं. त्या मुक्या असतील तर टीटीएलवर ठेवलेल्या फ्लॅशला फक्त ‘आता’ एवढंच कळतं, ‘किती’ ते नाही. मग तो बहुतेक वेळा पूर्ण ताकदीने फुटतो. हळदीचा पिवळाधमक चेहरा पांढराफटक, आणि सेल अर्ध्या कार्यक्रमात गार. गिऱ्हाईक आठवडाभर फ्लॅशला दोष देत बसतं. तोवर माल परत करायची मुदत संपते.

कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींची गोष्ट आणखी वेगळी. यांच्या शूवर मधला कॉन्टॅक्टच नाही. त्यामुळे एका तारेची वायर यांच्यावर अजिबात चमकत नाही. अशा वेळी विकणारा म्हणतो, “तुमच्या कॅमेऱ्याचं सेटिंग आहे,” आणि स्वतःच्या जुन्या बॉडीवर चमकवून दाखवतो. तपासणी नेहमी आपल्याच बॉडीवर आणि टीटीएल असलेल्या फ्लॅशवर करा. योंगनुओ वायएन५६०सारखा फक्त मॅन्युअल फ्लॅश या तीन बॉडींवर खऱ्या वायरीनेही चमकणार नाही. त्यात वायरीचा दोष नाही.

दुकानात दोन मिनिटांत होणारी तपासणी अशी. कॅमेरा एम मोडवर, आयएसओ ४००, शटर १/२००, फ्लॅश टीटीएलवर, समोर दोन मीटरवर एखादी वस्तू. एफ/५.६, एफ/८ आणि एफ/१६ असे तीन फोटो काढा. वायर खरी असेल तर वस्तूचा उजेड तिन्हींत जवळपास सारखा येतो, कारण अ‍ॅपर्चर बारीक होईल तसा फ्लॅश जोर वाढवतो. तिन्ही फोटो पांढरेफटक आले, किंवा पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत उजेड ठळक कमी होत गेला, तर वायर मुकी आहे. दुसरी खूण कानाने कळते. फ्लॅशचा झूम ऑटोवर ठेवा, शटर अर्धं दाबा आणि लेन्स १८ वरून ५५ वर फिरवा. फ्लॅशच्या डोक्यातली मोटर घुर्र करून हलली पाहिजे. तिसरी म्हणजे हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायची सोय) बंद ठेवून शटर १/५०० वर नेऊन पाहा. पिना बोलत असतील तर कॅमेरा स्वतःच ते सिंक स्पीडवर, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरवर (साधारण १/२०० किंवा १/२५०), खाली आणतो. मुकी वायर १/५०० तसंच राहू देते आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

वायर घरपोच आली असेल तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. आधी त्यावर बझरची (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारी) खूण आहे ना ते पाहा, कारण सगळ्यात स्वस्त मॉडेलांत काहींना बीप नसते. वायर कॅमेरा आणि फ्लॅश दोन्हींपासून काढून ठेवा. दोन्ही टोकांच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावा. एका टोकाच्या पिना आपण खालून बघतो आणि दुसऱ्याच्या वरून, त्यामुळे डावं-उजवं उलटतं, आणि चांगली वायर उगाच बदनाम होते. मग प्रत्येक पिन तिच्या जोडीच्या कॉन्टॅक्टशी लावून पाहा. कॅननला पाच बीप आणि कडेच्या पट्टीची सहावी, निकॉनला चार आणि पाचवी. शेजारच्या दोन पिनांत बीप आली तर आत शॉर्ट आहे. ती वायर कॅमेऱ्यावर चढवूच नका. शेवटी बीप चालू असताना वायर ताणा आणि टोकाजवळ, जिथे ती प्लास्टिकमध्ये शिरते तिथे, वाकवा. तुटक बीप म्हणजे आत तार मोडायला आली आहे. बऱ्याच वायरी आधी तिथेच मरतात.

लांबीतली चलाखी वेगळी. जाहिरातीत ‘३ मीटर’. हातात येते ती जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी गुंडाळीची वायर. सैल असताना ती हातभरसुद्धा नसते, आणि तीन मीटर हा आकडा गुंडाळी उलगडून सरळ केलेल्या तारेचा असतो. निम्म्याहून जास्त ताणली की ती हलक्या स्टँडला खेचते. स्टँड फ्लॅशसकट आडवा होतो आणि नुकसान वायरीच्या किमतीच्या वीसपट. विचारायचं ते ‘सैल असताना किती आणि न ओढता कुठवर जाते’. स्टँडला वाळूची पिशवी लावायला विसरू नका. फ्लॅशकडच्या टोकाखालचा, स्टँडवर बसवायचा पाव इंची आटाही पाहा. तो धातूचा हवा. प्लास्टिकचा आटा चार वेळा आवळला की झिजतो.

‘सगळ्या कॅमेऱ्यांना चालते’ असं लिहिलं असेल तर ती बहुधा एका तारेचीच. टीटीएल वायर कंपनीनुसार वेगळीच असते, कारण पिनांच्या जागा वेगळ्या. सोनीने तर २०१२ मध्ये शूच बदलला. त्यामुळे जुन्या आणि नव्या सोनीतही वायर एक नाही.

जुन्या बाजारात वायरीसोबत एखादा जुना फ्लॅश ‘फुकट’ गळ्यात मारतात. त्याकडे संशयाने बघा. १९७०-८०च्या दशकांतल्या काही फ्लॅशांच्या मधल्या पिनेवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात, विविटार २८३ चे सुरुवातीचे नग त्यांतलेच. वायर तो दाब जसाच्या तसा कॅमेऱ्यात पोहोचवते. फ्लॅश चालू करून तयारीचा दिवा लागला की मधली पिन आणि कडेची पट्टी यांत डीसी व्होल्ट मोजा, मीटर मोठ्या रेंजवर ठेवून, बोट न लावता. आयएसओ १०३३० हे मानक २४ व्होल्टची मर्यादा सांगतं, आणि काही जुन्या डिजिटल कॅननना तर ६ व्होल्टच्या वर देऊ नये असं मानतात. शंका असेल तर वायर घ्या, फ्लॅश तिथेच ठेवा.

ऑनलाइन घेताना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा आणि त्यातच मल्टिमीटरची तपासणी दाखवा. ‘फ्लॅश चमकत नाही’ असं लिहून तक्रार करू नका, कारण तो चमकतो आणि तक्रार फेटाळली जाते. ‘वर्णनात टीटीएल आहे, पाचपैकी फक्त मधला कॉन्टॅक्ट जोडलेला आहे’ असं लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायला हवा. दाद नाही मिळाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आगाऊ पैसे घेऊन विकणारा गायब झाला असेल तर वाट न बघता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

परत करायची मुदत हुकलीच असेल तर मुकी वायर फेकू नका. मधला कॉन्टॅक्ट असलेल्या बॉडीवर फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून ती चालते: शटर १/२००, एफ/५.६, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६ वर आणि माणसापासून दीड-दोन मीटरवर. जास्त उजळ आलं तर १/३२, कमी पडलं तर १/८.